कोरोलासाठी डेन्सोचा एअर-फ्यूल रेशो सेन्सर: घ्या, पण आधी हीटर मोजा

अमेरिकेतल्या २००९ ते २०१३ च्या १.८ लिटर कोरोलात धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसणारा सेन्सर हा साधा ऑक्सिजन सेन्सर नव्हे. तो एअर-फ्यूल रेशो सेन्सर आहे, म्हणजे एक्झॉस्टवरून हवा आणि इंधनाचं प्रमाण मोजणारा. बदलायची वेळ आली, तर मूळ कनेक्टरसकट येणारा डेन्सोचाच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. टोयोटाला हा भाग डेन्सोच पुरवते. वायरची लांबी, क्लिप, कनेक्टर सगळं जसंच्या तसं बसतं. आट्यांवर अँटी-सीझ, म्हणजे आटे अडकू न देणारं वंगण, लावलेलं येतं.

मात्र चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून लगेच ऑर्डर देऊ नका. स्कॅनरवर दिसणारा कोड पी२१९५ म्हणजे मिश्रण सतत लीन (हवा जास्त, इंधन कमी) दिसतंय, एवढंच. फाटलेला व्हॅक्यूम किंवा पीसीव्ही होज (इंजिनातले वायू परत इनटेकमध्ये नेणारी नळी), मळलेला एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा), कमी पडलेलं फ्युएल प्रेशर किंवा सेन्सरच्या आधी गळणारा एक्झॉस्ट गॅस्केट, यातल्या कशानेही तो येतो. अशा वेळी सेन्सर खरं तेच सांगत असतो. त्याला बदलून पैसे जातात आणि आठवड्याभरात दिवा परत लागतो.

पी००३१ किंवा पी००३२ आला, तर सेन्सरला आतून तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटकडे बघा. इंजिन थंड असताना कनेक्टर काढा आणि हीटरच्या दोन एकाच रंगाच्या वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. २० अंश सेल्सियसला तो १.८ ते ३.४ ओहम हवा. आधी मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांशी टेकवून येणारा आकडा वजा करा. दोन ओहमच्या मोजणीत ०.३ चा फरकही मोठा असतो. मीटरने काहीच दाखवलं नाही, तर हीटर जळालाय. रेझिस्टन्स ठीक असेल, तर किल्ली ऑन करून गाडीकडच्या कनेक्टरवर बॅटरीचा व्होल्टेज येतोय का बघा. येत नसेल तर फ्यूज, रिले, वायरिंग तपासा. सेन्सर निर्दोष आहे.

सिग्नल वाचताना अनुभवी मेकॅनिकही इथेच गल्लत करतात. साध्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये वरखाली होतो आणि लीनला उतरतो. इथे उलट आहे: मिश्रण बरोबर असताना ३.३ व्होल्ट, लीनला आकडा वर, रिचला (इंधन जास्त) खाली. काही साधे स्कॅनर तोच आकडा पाचाने भागून ०.६६ दाखवतात, त्यालाही घाबरू नका. गरम इंजिनवर एखादा व्हॅक्यूम होज क्षणभर काढा, आकडा चढला पाहिजे. इनटेकमध्ये थोडा प्रोपेन सोडा, उतरला पाहिजे. काहीही केलं तरी ३.३० वरच गोठलेला आकडा बहुधा तुटलेलं सर्किट दाखवतो.

अनोळखी ब्रँडचे सेन्सर डेन्सोच्या किमतीच्या निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्शात मिळतात. त्यातले काही मुळात साधे ऑक्सिजन सेन्सर असतात. आटे तेच असल्याने ते मस्त बसतात आणि ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) मात्र निरर्थक सिग्नल देत राहतात. वायर कापून जोडायचे ‘युनिव्हर्सल’ही टाळा. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतूनच मिळते. सोल्डर केलं की ती वाट बुजते. डेन्सोच्या नावाखाली नकली मालही विकला जातो, म्हणून ओळखीच्या पार्ट्सच्या दुकानातून घ्या.

बसवणं तासाभराचं काम आहे, अडकलेला जुना सेन्सर निघाला तर. एक्झॉस्ट इंजिनच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला असल्याने जागा अडचणीची आहे. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारा, आणि इंजिन कोमट असताना वायरसाठी बाजूला खाच असलेल्या २२ मिलिमीटरच्या सॉकेटने सोडवा. साध्या पान्याने ओढाताण केली की षट्कोन गोलावतो. नवा सेन्सर आधी हातानेच फिरवा, मग सुमारे ४४ न्यूटन-मीटरला आवळा. टोकाला ग्रीस किंवा क्लीनर लागू देऊ नका. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर लावूच नका, आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं.

जुन्याच्या टोकावर पांढरट थर दिसला, तर कूलंटची गळती किंवा चुकीचा सिलिकॉन सीलंट शोधा. तेलकट काजळी असेल, तर इंजिन तेल खातंय का बघा. मूळ कारण तसंच ठेवलंत, तर डेन्सोचाही सेन्सर टिकणार नाही.

शेवटी कोड पुसा आणि शॉर्ट व लाँग फ्युएल ट्रिमची (कॉम्प्युटर इंधनात करत असलेल्या तात्पुरत्या व कायमच्या दुरुस्तीची) बेरीज स्कॅनरवर बघत चालवा. ती अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत स्थिरावली पाहिजे. कोड पुसले की रेडिनेस मॉनिटरही (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याच्या नोंदी) कोरे होतात आणि पुन्हा भरायला काही दिवसांचं मिश्र ड्रायव्हिंग लागतं. त्यामुळे स्मॉग टेस्टच्या (धुराच्या सरकारी तपासणीच्या) आदल्या दिवशी हे काम काढू नका.