'कुठल्या गॅरेजला टाकणार?' असं विचारणाऱ्याकडून शॉकअप घेऊ नका

१७,८०० रुपये. 'कंपनीचा नवा, मऊ सेट' म्हणून चार शॉकअप आणि चार स्प्रिंगांसाठी मी एवढे मोजले. हातात पडले ते गळके, काळा रंग मारून चकाचक केलेले शॉकअप आणि ग्राइंडरने कापलेल्या स्प्रिंगा. जुना माल रंगवून नवा म्हणून विकतात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. म्हणूनच जास्त संताप होतो.

माझी स्विफ्ट सेकंडहँड. आधीच्या मालकाने गाडी खाली दिसावी म्हणून आखूड, कडक स्प्रिंगा टाकल्या होत्या. पुण्यात सिंहगड रोडने जाताना प्रत्येक खड्डा थेट आईच्या मणक्यात जायचा. डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितले, म्हणून मूळ मऊ सेट परत टाकायचं ठरवलं. हे काम मला येतं. ब्रेक पॅड, लिंक रॉड मी घरीच बदलतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर ५०० रुपये भाड्याने आणला. तो लावून स्प्रिंग दाबल्याशिवाय वरचा मधला नट सैल करायचा नाही, नाहीतर स्प्रिंग जीव घेईल, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तेव्हा 'अर्धवट ज्ञान' वगैरे कुणी म्हणू नये.

सेटचा भाव १९,८०० होता. फोनवर दुकानदाराने विचारलं, "कुठल्या गॅरेजला टाकणार, साहेब?" मी म्हटलं, घरीच बसवणार. तिथून त्याचा आवाजच बदलला. "मग तुमच्यासाठी आठशे कमी. आणि जुना सेट आम्हाला द्या, त्याचे बाराशे वजा." मला वाटलं, काम जाणणारा गिऱ्हाईक म्हणून मान देतोय. तो हिशोब वेगळाच करत होता: बसवताना मिस्त्री बघणार नाही, आणि उद्या काही झालं तर 'तुम्हीच चुकीचं बसवलं' म्हणायची सोय. असं कुणी विचारलं तर गॅरेजचं नाव सांगा, मग बसवा कुठेही.

५,००० टोकन यूपीआयने दिले. उरलेले १२,८०० माल आल्यावर. दुकानाचा पोरगा माल घेऊन आला तेव्हा अंधार पडला होता, खोकी सीलबंद होती, आणि पैसे मिळाल्याशिवाय तो खोकी उघडू देईना.

सकाळी गाडी जॅक स्टँडवर घेऊन पुढची चाकं काढली, जुने स्ट्रट, म्हणजे शॉकअप-स्प्रिंगची जोडी, उतरवले आणि मग खोकी उघडली. पहिला शॉकअप उचलला तर अंगठ्याला काळा रंग लागला. खालच्या रबरी बुशवरसुद्धा रंगाचे शिंतोडे. कारखान्यात रबरावर रंग उडत नाही हो! रॉड दाबून सोडला, तर तो तसाच आत बसून राहिला. गॅसचा नवा शॉकअप दाबून सोडला की सावकाश, एकसारखा स्वतःहून बाहेर येतो. मध्येच मोकळा खेळला किंवा आलाच नाही, तर तो संपलेला. मी लगेच दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "गंज लागू नये म्हणून कोटिंग असतं. आणि तुम्हाला मऊच पाहिजे होता ना? मऊ असाच असतो." माझीच मागणी त्याने माझ्या तोंडावर मारली. पार्किंगमध्ये गाडी बिनचाकाची उभी, सोसायटीचे सेक्रेटरी कधी हलवताय म्हणून विचारतायत, आईची तपासणी तोंडावर. अशा वेळी माणूस काय करणार? बसवला. संध्याकाळी पोरगा येऊन जुना सेट घेऊनही गेला, म्हणजे परत फिरायची वाटच बंद. जुना माल कधीही देऊ नका. तोच रंगवून पुढच्याला जातो.

अलाइनमेंटला ७०० गेले. गाडी आधीपेक्षा कडक! का ते नंतर कळलं: स्प्रिंग कापून वेढे कमी केले की ती मऊ होत नाही, उलट ताठ होते. काही आठवड्यांत पुढचा डावा शॉकअप तेलाने माखला, आणि एका स्पीडब्रेकरवर स्प्रिंग बैठकीतून सटकली. आई शेजारी बसली होती. टोइंगचे १,८०० दिले. मिस्त्रीने स्प्रिंगच्या टोकावरचं रबर काढून दाखवलं, खाली ग्राइंडरचा निळसर डाग तसाच होता. स्प्रिंगवरची रबरी नळी सरकवून टोक बघा, आधी बघा.

पुढचं तर विचारूच नका. दुकानदार म्हणतो, घरी बसवलं, वॉरंटी गेली. बिल म्हणून 'एस्टिमेट'चा कागद दिला होता. भांडल्यावर व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो आला. त्यावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. पंधरा अंकी-अक्षरी नंबर असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पैसे देण्याआधी शोधायला मिनिट लागत नाही.

पोलीस चौकीत साहेबांनी शॉकअप हातात घेऊन बघितलासुद्धा नाही. "हे दिवाणी आहे." नवा म्हणून खोटं सांगून जुना विकणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मग कशासाठी आहे? सायबरवाले म्हणाले, माल हातात मिळालाय ना, मग आमच्याकडे येत नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला माणूस तोंडाने 'हा आमचा नाहीच' म्हणाला, पण दोन ओळी लिहून द्या म्हटल्यावर आत निघून गेला. आणि सगळीकडे तोच प्रश्न: "पण बसवलं कुणी?" माझी वयस्कर आई त्या गाडीत बसली होती, हे कुणालाच ऐकायचं नव्हतं. घरात सांगतानाही मान खाली जाते, आणि हे सगळे टेबलामागून चहा पीत पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतात.

राहिला ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लागलाच पाहिजे असं नाही, पण दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. खोकी उघडतानाचा व्हिडिओ काढा, माझ्याकडे तो नाही. फोनवर काही ठरलं की लगेच तेच व्हॉट्सॲपवर लिहून त्याच्याकडून 'हो' घ्या. मिस्त्रीने मला सही करून कागद दिला आहे, तो आणि कापलेल्या स्प्रिंगांचे फोटो जोडून कॉम्प्रेसरचं भाडं, अलाइनमेंट, टोइंग धरून २०,८०० रुपये आणि मनस्तापाची भरपाई अशी तक्रार केली आहे. काल त्याच दुकानदाराचा फोन आला, "निम्म्यात मिटवू." मी नाही म्हटलं.