चिरा घ्यावा की सिपोरेक्स?

राजापूरकडे, सिमेंट वाचवायचं ठरवून, घर बांधताना पुढचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभा दगडाचं केलं आणि मागच्या दोन खोल्या सिपोरेक्सच्या, म्हणजे हवेची छिद्रं असलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या. आता चौथा पावसाळा सरला. विचारणारे बरेच आहेत, म्हणून लिहितोय.

सिपोरेक्सचं कौतुक खोटं नाही. औष्णिक वीज केंद्राची राख त्यात कारणी लागते, ठोकळा हलका असतो. तुकडा बादलीत टाकलात तर तरंगतो. भिंती चार दिवसांत उभ्या राहिल्या आणि मे महिन्यात मागच्या खोल्या मला थोड्या गारच वाटतात. वर मजला चढवायचा असेल किंवा जमीन भुसभुशीत असेल, तर तोच घ्यावा असं मलाही वाटतं.

पण पश्चिमेची भिंत! मृगानंतर झड सुरू झाली की बीम आणि ठोकळे यांच्या सांध्यावर प्लॅस्टरला केसाएवढी चीर जाते. पाणी तिथून शिरतं आणि ठोकळा ते धरून ठेवतो. गणपतीत पाहुणे आले की आतल्या रंगाला फुगे आलेले, हात लावला की पापुद्रा हातात. तीन वर्षं पुट्टी भरली, जाळीही मारली. गवंड्याचं काम कमी पडलं असेल, नाही म्हणत नाही. पण दर पावसाळ्याआधी पुन्हा सिमेंट आणि पुन्हा रंग. चुनखडी साधारण १४५० अंशांना भाजून सिमेंट होतं, आणि तेच वाचवायला तर आपण निघालो होतो.

चिऱ्याला मी बाहेरून प्लॅस्टर केलंच नाही, फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी भरल्या. कौलांची पागोळी भिंतीपासून तीन फूट लांब पडते, झडीच्या बाजूला माडाची झापं बांधतो. शेवाळ धरतं, ते दिवाळीपर्यंत वाळून जातं. चीर जायला प्लॅस्टरच नाही.

खाण जवळची बघा. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. म्हणून एक उन्हाळा रचून ठेवा, वाजवून घ्या. पांढऱ्या मातीचे गोळे दिसले तर बाजूला काढा.

एक गोष्ट मात्र मला टोचते. खाणी सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार खातात, आणि याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, पावसात फुलांचे गालिचे आहेत. म्हणून नवा सडा फोडणाऱ्याकडून घेऊ नका. मी गोठ्याला पडक्या मांगराचे, म्हणजे शेतावरच्या खोपटाचे चिरे वापरले. माती झाडली, पुन्हा रचले, एकही वाया गेला नाही.