वळचणीतला कॅमेरा : नऊ महिन्यांनंतर

16 जानेवारीच्या रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी आमच्या दाराची पितळी कडी कुणीतरी उचकटून नेली. कॅमेरा दारापासून जेमतेम सात फुटांवर. चालू होता, रेकॉर्डिंगही झालं. त्यात दिसतो एक दुधाळ पांढरा पडदा आणि त्यामागं हलणारी सावली. बाई की बाप्या तेही कळत नाही. ती कडी आजोबांच्या लग्नाआधीपासूनची. आईला नुसत्या तिच्या आवाजावरून कळायचं, घरातलं कोण आलंय ते. तीन कॅमेऱ्यांवर 26,400 रुपये घातले ते नेमके अशाच रात्रीसाठी होते, म्हणून हा अनुभव लिहितोय. बराचसा त्या पांढऱ्या पडद्याबद्दलच असणार आहे.

घर कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतलं. दगडी जोतं, त्यावर मातीत बांधलेल्या विटांची दोन फुटी भिंत, सागवानी वासे, मंगलोरी कौलं आणि वळचणीला आजोबांनी करून घेतलेली कातीव झालर. मे महिन्यात कॅमेऱ्याचा विषय निघाला तेव्हा आईनं दोनच अटी घातल्या. "भिंतीला भोक पाडायचं न्हाई, ती आधीच दमलीया. आन् दारात आल्या माणसाला ते डोळं दिसायला नकोत." दोन्ही मला पटल्या. दुकानदाराचा पोरगा मात्र ड्रिल घेऊनच आला होता. असल्या भिंतीत ड्रिल घातलं की बोटाएवढ्या भोकाच्या जागी ओंजळभर माती गळते आणि स्क्रू महिन्यात हलायला लागतो, हे त्याला दाखवून परत पाठवावं लागलं.

घेतले ते 4 मेगापिक्सेलचे, 2.8 मिमी रुंद कोनाच्या लेन्सचे टरेट, म्हणजे गोल बैठकीतल्या गोळ्यासारखे कॅमेरे. आपल्याकडं दुकानात त्याला आयबॉलही म्हणतात. बुलेट कॅमेऱ्याचं नळकांडं झालरीच्या पुढं येतं. डोम कॅमेऱ्याच्या पारदर्शक टोपीवर आडव्या पावसाचे थेंब बसतात आणि रात्री तिचाच उजेड लेन्समध्ये परततो. दुकानदार शिल्लक मालातले जुने कॅमेरे नगामागं 800 रुपयांनी स्वस्त देत होता. एप्रिल 2025 पासून सरकारी सुरक्षा चाचणीचं प्रमाणपत्र सक्तीचं झालंय, ते त्यांना नव्हतं. मी पै-पै बघणारा माणूस आहे, पण तिथं 2,400 रुपये सोडले त्याचा पस्तावा नाही.

वायरिंगचं काम मात्र फार सुरेख झालं. सुतारमामांनी सागवानी फळीचे चिमटे करून ते वाशांना आवळले. भिंतीला एक खिळासुद्धा नाही, आणि उद्या कॅमेरे काढले तर खूणही राहणार नाही. केबल भिंत आणि कौलं यांच्यामधल्या फटीतून आत घेतली. पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा रेकॉर्डर घेतल्यामुळं एकाच कॅट-6 केबलमधून चित्र आणि वीज दोन्ही जातं, तेही 48 व्होल्टच्या आसपास. वळचणीतल्या सुक्या लाकडाजवळून 230 व्होल्टची वायर न्यावी लागली नाही, हे जुन्या घरात मला कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाचं वाटतं. केबल घेताना तिची तार चाकूनं खरवडून बघा. तांबडी निघत राहिली तर तांबं. आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ती घेऊ नका. आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून टपकतं, घरात येत नाही. अख्खा पावसाळा गेला, फटीपाशी ओल नाही.

रेकॉर्डर माडीवर ठेवला. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या माणसाला त्याचं कारण सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या 39 फुटांकडं सरकायला लागली की आमच्या गल्लीत कुणाला झोप नसते. पुढच्या कॅमेऱ्यात ओट्याच्या खालच्या दोन पायऱ्या दिसतात. पावसाळ्यात आई राजारामपुरीत मावशीकडं होती, तर सकाळी उठल्या उठल्या मोबाईलवर पायऱ्या बघायची आणि मग चहा घ्यायची. हा उपयोग मी धरलाच नव्हता. मग राऊटर आणि रेकॉर्डर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले, वीज गेली तरी तिला पायऱ्या दिसाव्यात म्हणून.

समोरच्या आक्कांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आमचं दार दिसतंय व्हय रं त्यात?" दिसत होतं. गल्ली दहा फुटांची, लेन्स रुंद. सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क असतो. त्यांच्या दारावर आणि खिडकीवर काळा चौकोन टाकला आणि त्यांना मोबाईलवर दाखवला. लपवून कॅमेरा लावणाऱ्यानं शेजाऱ्याला स्वतःहून जाऊन सांगावं, विचारेपर्यंत थांबू नये. मी थांबलो, ते चुकलं.

आता तो पांढरा पडदा. कडी गेल्यावर विक्रेत्याला बोलावलं. त्याचा माणूस खालूनच मान वर करून म्हणाला, "काका, आत पाणी शिरलंय, लेन्स गेली. वॉरंटीत बसत नाही, नवा घ्या." नव्याचे 3,200, आणि आल्याबद्दल 500. शिडी लावून बघा म्हटलं तर वेळ नाही. 500 देऊन मी स्वतः शिडी चढलो.

लेन्स लख्ख होती. तिच्यापुढं कोळ्याचं जाळं होतं. ते पुसलं, रात्री बघितलं, थोडा फरक पडला, पण पडदा कायम. मग कॅमेऱ्यावरची लाकडी टोपी काढून हातात धरली आणि खाली पोरगी मोबाईलवर बघत होती ती ओरडली, "बाबा, दिसतंय!" दाराच्या फळ्यांच्या रेषासुद्धा दिसत होत्या.

ती टोपी दिवाळीनंतर बसवली होती. किल्ल्याच्या फोटोत मागं कॅमेरा चमकत होता, आईला खटकलं, म्हणून सुतारमामांकडून सागाची टोपी करून घेतली, वर छान पॉलिश. तिची पुढची कड लेन्सच्या दोन इंच पुढं येत होती. रात्री कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड उजेड टाकतो. डोळ्याला त्याचा फक्त लालसर ठिपका दिसतो, पण कॅमेऱ्याला तो टॉर्चसारखा. तो उजेड दोन इंचांवरच्या पॉलिशवर आणि जाळ्यावर आपटून सरळ लेन्समध्ये परतत होता. जवळचं पांढरंफेक दिसतंय म्हणून कॅमेरा चित्राचा उजेड कमी करायचा, आणि सात फुटांवरचा माणूस अंधारात जायचा. दिवसा काहीच बिघाड दिसत नाही. दोन महिने मी रोज दिवसाचंच चित्र बघत होतो. एकदा जरी रात्री अकरा वाजता बघितलं असतं तर कडी कोण घेऊन गेला ते आज ठाऊक असतं.

इथवर जानेवारीत लिहिलं होतं आणि कॅमेऱ्याला पाचपैकी दोन तारे द्यायचं ठरवलं होतं. आता फेब्रुवारी संपतोय आणि मत बदललंय. कॅमेऱ्यात दोष नव्हता. विक्रेत्याबद्दलचं मत मात्र तेच आहे.

केलेले बदल असे. टोपीची पुढची कड कापली, आतून पॉलिश घासून काढलं आणि मॅट काळा रंग दिला. चिमटा चार इंच पुढं सरकवला, म्हणजे झालरीची खालची कड चित्रात येत नाही. ओट्यावरून वर बघितलं तर अजूनही सावलीत कॅमेरा पटकन सापडत नाही. तिसरा बदल सगळ्यांत मोठा. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड बंदच केला आणि दाराशेजारच्या देवळीत 5 वॅटचा पिवळा एलईडी लावला. आजी त्या देवळीत रोज पणती ठेवायची, कित्येक वर्षं ती रिकामीच होती. आता रात्रीही रंगीत चित्र येतं. संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत दिवा जळतो, वर्षाला साधारण 20 युनिट. 3,200 च्या नव्या कॅमेऱ्यापुढं हा खर्च काहीच नाही. उजेडाकडं किडे जातात आणि किड्यांमागं कोळी, त्यामुळं जाळी आता देवळीत होतात. तरी दर शनिवारी कोरड्या ब्रशनं लेन्सची जागा झाडतो.

उरलेलं थोडक्यात. चेहरा ओळखण्याइतका स्पष्ट दिसतो तो बारा-तेरा फुटांपर्यंत, मी टेप लावून बघितलंय. त्यापलीकडं माणूस आहे एवढंच कळतं. गल्लीचं तोंड बघायचं असेल तर 2.8 चा उपयोग नाही. तिन्ही कॅमेऱ्यांचं मिळून दिवसाला 65 जीबीच्या आसपास भरतं, 1 टीबीच्या डिस्कवर 15 दिवस राहतं.

कडी मिळालेली नाही. पापाच्या तिकटीजवळच्या भांड्यांच्या दुकानांतून दोनदा फिरून आलो, तशी ओतीव कडी दिसली नाही. साधी लोखंडी बसवलीय. परवा रात्री साडेदहाला आईनं मोबाईल मागून घेतला आणि देवळीतल्या उजेडातलं दार बराच वेळ बघत बसली. परड्यातल्या कॅमेऱ्याला अजून तीच पॉलिशची टोपी आहे. सुतारमामा रविवारी येणार आहेत.