जळगाव एमआयडीसीतली कामगार पुरवठा सेवा: भरती झकास, टिकवण्यात नापास

डाळ मिल आणि चटई कारखान्यांना माणसं पुरवणारी ही एजन्सी. मागितला की हेल्पर दारात उभा, त्याबद्दल तक्रार नाही. गळती लागते ती पहिल्या पगारानंतर. ठरवताना एकूण आकडा सांगतात, हातात किती पडणार ते नाही. मग पीएफचे १२ टक्के आणि ईएसआयचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) ०.७५ टक्के कापले गेले की माणूस बिथरतो. कपात कायदेशीरच आहे. पण पगाराची स्लिप मिळाली तर कळेल ना! त्यात पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरला नाही, तर एकाच्या मोबाईलवरच्या पासबुकातून सगळ्या लाईनला समजतं.

ओव्हरटाइम दुप्पट दराने देणाऱ्या युनिटमधली माणसं मात्र मे महिन्यात पत्र्याखालीही टिकतात. भुसावळ-पाचोऱ्याकडच्यांसाठी शिफ्ट गाडीच्या वेळेला सुटणं तितकंच महत्त्वाचं. एजन्सी ते विचारतही नाही.

सोडून गेलेल्याची पीएफमध्ये बाहेर पडल्याची तारीख हे भरत नाहीत. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगाराला ती पोर्टलवर स्वतः टाकता येते.

करार करण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफ चलन नावांच्या यादीसकट मागा.