वर्गाबाहेरच्या कर्तृत्वाची दखल: वाढीव गुण, चषक, सोपान की लेखी नोंद?

आठवी ते दहावीच्या मुलांनी वर्गाबाहेर जे केलं त्याची दखल कशी घ्यायची, हा प्रश्न मुख्याध्यापकांसमोर आणि पालक-शिक्षक संघासमोर दरवर्षी येतो. वेळ, पैसा आणि माणसं मोजकीच असल्यामुळे सगळंच करता येत नाही. महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळेपुढे जे मुख्य मार्ग आहेत, त्यांची ही तुलना. माझा कल आधीच सांगते: मुलाने नेमकं काय केलं हे ज्या दखलेत वाचता येतं, ती मला सगळ्यात मोलाची वाटते.

सुरुवात दहावीच्या वाढीव गुणांपासून, कारण पालक पहिल्यांदा तेच विचारतात. शासकीय रेखाकला परीक्षेतल्या इंटरमिजिएटला अ श्रेणी असेल तर 7 गुण मिळतात, ब श्रेणीला 5 आणि क श्रेणीला 3. खेळाचे गुण स्पर्धेच्या पातळीनुसार चढत जातात. स्काउट-गाईड, एनसीसी, शास्त्रीय गायन-वादन-नृत्य आणि लोककला यांनाही नियमांनुसार गुण आहेत. टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांच्या 500 गुणांवर निघते, म्हणजे 7 गुणांनी 1.4 टक्के वाढतात. अकरावीच्या प्रवेशात नामांकित महाविद्यालयाच्या कटऑफला एवढ्याने खरोखर फरक पडतो, म्हणून या मार्गाला कमी लेखू नये. चित्रकलेच्या सरांनी वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी जादा तास घेऊन स्मरणचित्र आणि संकल्पचित्र घोटवून घेतलं, त्याचं चीज इथे होतं.

पण या गुणांची चौकट पक्की आहे. मान्य परीक्षा किंवा मान्य स्पर्धा असेल तरच ते मिळतात. आजारी आईचं सगळं करून शाळेच्या कबड्डी संघाला वर्षभर सराव देणारी मुलगी त्या चौकटीत बसत नाही. शिवाय कागदपत्रं वेळेत गेली नाहीत तर हक्काचे गुणही जातात. हा मार्ग निवडणाऱ्या शाळेने एका शिक्षकाकडे ही जबाबदारी नावानिशी द्यावी आणि नववीतच प्रमाणपत्रांच्या प्रती गोळा करून ठेवाव्यात. दहावीच्या जानेवारीत धावपळ करणं मुलांवर अन्याय करणारं आहे.

दुसरा मार्ग स्नेहसंमेलनातला ‘आदर्श विद्यार्थी’ चषक. खर्च कमी, टाळ्या भरपूर, आजी-आजोबाही बघायला येतात. मात्र चषक एकच. बहुतेक ठिकाणी तो पहिल्या तिनात येणाऱ्या, वक्तृत्वात चमकणाऱ्या मुलाकडेच जातो, म्हणजे ज्याचं कौतुक आधीच झालंय त्याचंच पुन्हा होतं. चषक ठेवायचाच असेल तर निवडीचे निकष जूनमध्येच फलकावर लावावेत आणि शिपाईकाका, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक यांनाही नावं सुचवू द्यावीत. तास संपल्यावर कोण काय करतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

तिसरा मार्ग स्काउट-गाईड. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. या वाटेचं मला सगळ्यात आवडतं ते हे, की इथे कुणाला हरवावं लागत नाही. गाठी, प्रथमोपचार, तंबू, सेवाकार्य यांतलं ठरलेलं काम जमलं की सोपान पार होतो आणि तुकडीतली सगळी मुलं तो पार करू शकतात. अडचण वेळेची आहे. प्रत्येक सोपानाला काही महिने द्यावेच लागतात, त्यामुळे पाचवी-सहावीत सुरुवात केली तरच वरचे पुरस्कार आवाक्यात येतात. नववीत नाव घालून राज्य पुरस्काराची आशा धरणं व्यर्थ. आणि प्रशिक्षित स्काउट मास्टर किंवा गाईड कॅप्टनची बदली झाली की पथक बंद पडतं. दोन शिक्षक प्रशिक्षित असतील तरच हा मार्ग घ्या. एनसीसीच्या दोन वर्षांच्या ‘ए’ प्रमाणपत्रालाही हेच लागू आहे, फक्त तिथे युनिट मंजूर असणं ही आधीची अट.

विज्ञानाकडे ओढा असलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर-मानक योजना आहे. शाळेने मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या. निवड झाली तर नमुना बनवायला मुलाच्या खात्यात 10,000 रुपये येतात. शुल्क नाही, म्हणून लहान गावातल्या शाळेनेही हे सोडू नये. प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार फारच थोड्यांच्या वाट्याला येतो. असामान्य काम असेल तर अर्ज जरूर करा, पण शाळेचं धोरण त्यावर आखता येत नाही.

चौथा मार्ग शाळेची स्वतःची लेखी नोंद. इथे पैसे जवळजवळ लागत नाहीत, मेहनत लागते. आपण सर्रास छापतो ते असं: ‘उत्कृष्ट सहभागाबद्दल प्रमाणपत्र देण्यात येत आहे.’ त्याऐवजी लिहून पाहा: ‘इयत्ता नववी ब मधील या विद्यार्थिनीने जून ते डिसेंबर दर शनिवारी मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुलांना ग्रंथालयातून पुस्तकं निवडून दिली, फाटलेली पुस्तकं शिवली आणि नोंदवही स्वतः सांभाळली.’ खाली ग्रंथपालांची सही. असा कागद मुलगी जपून ठेवते आणि पुढे शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत तिच्याकडे सांगण्यासारखं काही असतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगतिपत्रकही याच दिशेचं आहे. त्यात मुलाने स्वतःचं आणि सोबत्यांनी त्याचं केलेलं मूल्यमापन येतं. धोका एकच: साठ मुलांच्या तुकडीत वर्गशिक्षक थकले की सगळ्यांना तेच वाक्य जातं. म्हणून एका सत्रात पंधरा-वीस मुलांच्याच नोंदी लिहाव्यात आणि नववी संपेपर्यंत प्रत्येकाची पाळी यावी.

मनुष्यबळ कमी असेल तर मी वाढीव गुणांची कागदपत्रं आणि लेखी नोंदी या दोन गोष्टी निवडीन. दोन तयार शिक्षक मिळाले की पाचवीपासून स्काउट-गाईड पथक सुरू करावं. चषकाचा विचार त्यानंतर, आणि पैसे उरलेच तर नोंदी चांगल्या कागदावर छापून घ्याव्यात.