लोहचुंबक चिकटलं नाही म्हणून स्टील समजू नका

सौंदत्ती-चिंचलीच्या यात्रेतली पालं असोत, बाजारातला गाडा असो की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा व्हिडिओ, प्रकार एकच चालतो. विक्रेता सोनेरी चेन उचलतो, तिच्या मधोमध लोहचुंबक धरतो, ते चिकटत नाही. “बघा वहिनी, अस्सल ३१६ एल स्टील. काळी पडली तर पैसे परत.” मृग लागतो, खानापूर भागात पावसाची झड सुरू होते, तशी मानेवर हिरवट छटा उमटते, कडीपाशी तांबूस पूड दिसू लागते आणि विक्रेत्याचा फोन काही लागत नाही.

सगळी फसवणूक त्या लोहचुंबकाच्या भरवशावर उभी आहे. ३१६ एल ही स्टेनलेस स्टीलची एक चांगली प्रत, तिला ते चिकटत नाही हे खरं. पण पितळ, तांबं आणि जस्ताचा मिश्रधातू यांनाही ते चिकटत नाही, आणि स्टीलच्या नावाखाली खपणारा नकली माल बहुतेक यांचाच असतो. उलट ३०४ या दुसऱ्या प्रतीच्या स्टीलची तार ओढून, वळवून चेन केली की ती कधी कधी किंचित खेचली जाते, तेवढ्यावरून तिला नकली ठरवू नका. खटकन चिकटली तर मात्र आत लोखंड आहे, नाहीतर निकेल नसलेलं स्वस्त ४३० स्टील.

बेळगावात एका गिऱ्हाइकाने तक्रारीसाठी जपून ठेवलेली अशी चेन भिंगाखाली पाहिली. पदक खरंच स्टीलचं होतं, मागे कानशीने ओरखडा काढला तर आतून पांढरंच. चेनीचे दुवे जिथे एकमेकांवर घासतात तिथला मुलामा उडून पितळ उघडं पडलेलं, खाचांत हिरवा गंज. कडी आणि हूक निकेलचं पाणी दिलेल्या लोखंडाचे. विक्रेत्याने लोहचुंबक हुकाला लावलंच नव्हतं. म्हणून तपासताना आधी कडी, मग हूक, मग पदकाचं टांगण बघा. हुकातली बारीक स्प्रिंग खऱ्या दागिन्यातही थोडी चिकटते, कडी मात्र चिकटता कामा नये.

घरी करता येण्यासारखी खरी चाचणी वजनाची. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. आधी चेन कोरडी वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. चेन बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका, बुडबुडे हलवून काढा. आता दिसेल त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. समजा चेन २४ ग्रॅमची आहे आणि काटा ३.०३ दाखवतो, तर उत्तर ७.९, म्हणजे स्टीलच्या जवळ. २.८२ दाखवला तर ८.५, ते पितळ. ३.६ च्या आसपास दाखवला तर बहुधा जस्ताचा मिश्रधातू. लोखंडाचं उत्तरही ७.९ च्या आसपासच येतं, पण त्याला लोहचुंबक पकडतं. म्हणून दोन्ही चाचण्या जोडीने करायच्या. काळे मणी ओवलेलं मंगळसूत्र किंवा पोकळ बांगडी यात बसत नाही.

२०१, ३०४ आणि ३१६ एल यांतला फरक मात्र असा कळत नाही, त्याला लॅबमधलं एक्सआरएफ यंत्रच लागतं, ते क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ एलमध्ये वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, ते खारट घामापुढे टिकाव धरतं. २०१ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, त्याच्यावर डाग लवकर पडतात.

“१८ कॅरेट प्लेटेड” म्हणजे वरच्या थरातलं सोनं १८ कॅरेटचं, दागिना नव्हे. पीव्हीडीचा, म्हणजे निर्वात यंत्रात धातूची वाफ करून चढवलेला, थर साध्या मुलाम्यापेक्षा कडक असतो, तरी बहुतेक वेळा एका मायक्रॉनच्या आसपास किंवा कमीच. घर्षणाने तो जाणारच. सोनेरी रंगाची आयुष्यभराची हमी देणारा माणूस खोटं बोलतो आहे, हे तिथेच ओळखावं.

खऱ्या स्टीललाही ब्लीच सोसत नाही, बारीक खड्डे पडतात. फरशी-संडास धुताना अंगठ्या काढून ठेवा. घाम साचला की कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, भरपूर पाणी आणि सुती कापड, एवढं पुरे. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, तांब्या-पितळेची पावडर सोनेरी थराला लावू नका, थर खरवडला जातो.

आणि बिल. “स्टील चेन” एवढ्यावर थांबू नका. “चेन, कडी, हूक ३१६ एल, वर पीव्हीडी” असं मराठीत, कन्नडमध्ये, कशातही, पण लिहूनच घ्या. लिहायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका. पैसे यूपीआयने द्या, जाहिरातीचे स्क्रीनशॉट ठेवा. माल तसा निघाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.