विहिरीच्या पाण्यासाठी एचटूएस टेस्टची बाटली: घ्यावी का?

पावसाळ्याआधी वाडीतलं पाणी पिण्यासारखं आहे का ते तपासायला या बाटल्या ऑनलाइन मागवल्या होत्या, आता वापरून झाल्या म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही कारण तत्त्व सगळ्यांचं एकच. बाटलीत औषध लावलेला कागद असतो, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि 24 ते 48 तास उबेत ठेवायची. पाण्यात विष्ठेसोबत येणारे जंतू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड (एचटूएस) वायू तयार करतात आणि पाणी काळं पडतं. ही टेस्ट आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये मांडली, लॅब लागत नाही की वीज लागत नाही, आणि वाडीवस्तीसाठी हेच सगळ्यात मोठं आहे.

आमची जुनी विहीर गोठ्याच्या खालच्या अंगाला आहे. तिची बाटली दुसऱ्या दिवशीच काळीकुट्ट. नळाची तशीच राहिली. बोअरची मात्र उशिरा काळपट झाली आणि इथे या किटची खरी अडचण कळते, कारण जमिनीतल्या पाण्यात विष्ठेशी काही संबंध नसलेले सल्फाइड करणारे जंतूपण असतात आणि बाटली तेव्हाही काळी होऊ शकते. म्हणजे बाटली काळी झाली की लगेच घाबरायचं नाही पण सोडूनही द्यायचं नाही, लॅबला ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) तपासायला पाठवायचं. पिण्याच्या पाण्यात 100 मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय सापडता कामा नये, आपलं आयएस 10500 मानक हेच सांगतं.

दुसरी मर्यादा म्हणजे घाण माणसाची की गुराची हे बाटली सांगत नाही. साधी ई. कोलाय टेस्टपण सांगत नाही. आणि आपल्याकडे यावरच विषय संपवतात, "अहो शेणच आहे ते, शेणाने काय होतंय". होतं! सारवायला शेण वापरतो ते वेगळं आणि पिण्याच्या पाण्यात उतरलं ते वेगळं. कॅनडात वॉकरटन नावाचं छोटं गाव आहे, तिथे मे 2000 मध्ये जोराच्या पावसात जवळच्या शेतातलं गुरांचं शेणखत उथळ विहिरीत उतरलं, क्लोरीन पुरेसं नव्हतं, 2300 च्या वर लोक आजारी पडले आणि 7 जण गेले. हगवण लागलेल्या लहान वासराच्या शेणातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाब लावणारा परजीवी येतो, तो तर नेहमीच्या टीसीएलला (पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर) दाद देत नाही, पाणी खळखळून उकळलं की मरतो. म्हणून पाण्यात क्लोरीन आहे का बघायच्या ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं म्हणजे सगळं सुरक्षित असं धरून चालू नका, विशेषतः घरात तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर.

त्यामुळे माझं म्हणणं, बाटली एकटी वापरू नका. विहिरीभोवती एक चक्कर मारा. उकिरडा किती लांब, गोठ्याचं पाणी कुठल्या अंगाला वाहतं, कठड्याला भेग आहे का, जनावरं तिथेच पाणी पितात का. पाण्याला धोका किती ते दाखवणारं ग्रामपंचायतीचं लाल-पिवळं-हिरवं कार्ड अशाच पाहणीवरून ठरतं, तुमच्या ग्रामपंचायतीला कुठलं मिळालंय ते जाऊन विचारा, तो आपला हक्क आहे. आमच्याकडे उकिरडा हलवायचं ठरलंय, आणि लोकांना ते पटलं ते काळी बाटली डोळ्याने बघून, नुसतं सांगून वर्षानुवर्षं कुणी ऐकत नव्हतं. यासाठी मी 5 पैकी 4 देईन.

एक स्टार कापला कारण माहितीपत्रक फक्त इंग्रजी-हिंदीत, आणि थंडीत काय करायचं ते नीट दिलेलं नाही. 25 अंशाच्या खाली निकाल यायला वेळ लागतो, बाटली चुलीजवळच्या उबदार कोनाड्यात ठेवा. घेताना एक्सपायरी बघा, आणि नळाचं क्लोरीनवालं पाणी तपासायचं असेल तर क्लोरीन मारणारं औषध आत आहे ना ते विचारून घ्या, नाहीतर निकाल खोटा चांगला येईल. काळी झालेली बाटली पोरांच्या हाताला लागू देऊ नका, त्यात जंतू वाढलेले असतात, टीसीएलचं पाणी ओतून थोडा वेळ ठेवा आणि मगच विहिरीपासून लांब ओता.